घर क्रमांक

बारावीचा तास सुटल्यावर
वाळपईच्या शाळेत, संगणकाच्या खोलीत
आम्ही कॉलेजचे अर्ज भरतो.

भागी वरक 'घर क्रमांक'पाशी अडली.
धनगरवाड्यावर घरांना नंबर नाहीत, सर.
म्हशींना आहेत. कानात, पिवळे.
आणि हसली.

रकाना रिकामा ठेवला की
पान पुढे सरकत नाही.
मी माझाच नंबर घातला, सत्त्याण्णव बटे दोन.
मुलाखतीचा सराव त्या नादात राहूनच गेला,
तिची शेवटची कदंबा साडेपाचची.

जूनमध्ये पोस्टमन फाटकाशी थबकला
पणजीचा लिफाफा उलटसुलट करत:
मास्तर, ही वरक तुमची कोण?

घरचीच, म्हटलं. सही केली.

डांबर संपलं तिथं स्कूटर लावली.
दोन वर्षं शिकवलेल्या मुलीचं घर
विचारत विचारत गेलो.