मानस

बांबोळीच्या डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली.
रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या,
कितीही बारीक असोत.
पहिल्या रात्री मी लिहिलं: फेरीबोट वेळेवर आली.
दुसऱ्या रात्री: फेरीबोट.
तिसऱ्या रात्री नुसती तारीख घातली
आणि जागा राहिलो.

चोडणला बहिणीकडे आलो होतो,
बँकेची सहा आठवड्यांची रजा घेऊन.
कारणाच्या रकान्यात 'आजारी',
खरं कारण त्या फॉर्मात मावत नव्हतं.
बहीण म्हणाली, वासे मोजत पडण्यापेक्षा
कायतानबरोबर मानशीवर जा.

मानस म्हणजे इथे मन नव्हे.
नदी आणि खाजन शेत यांच्यामधलं
बांधाच्या पोटातलं लाकडी दार.
भरती आपल्याच जोराने ते लावून घेते,
सुकतीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं.
फळ्यांना कालवं चिकटलेली,
आणि फटींतून थोडं खारं येतंच.

मी विचारलं, फटी बुजवून टाकल्या तर?
कायतानने कानामागची विडी काढली, पेटवली नाही.
"मागीर सुंगटां खंय मेळतलीं?"
आणि दार उघडंच राहिलं तर?
त्याने पलीकडे हनुवटी उडवली.
तिथे एकेकाळी कोरगुट पिकायचं.
दुरुस्ती कोणी करायची यावर दोन वाडे भांडत बसले,
आता तिवरं उभी आहेत, गुडघाभर पाण्यात.

तिसऱ्या आठवड्यात खेकड्यांनी बांध पोखरला.
आम्ही सातजण ओळीने उभे,
चिखलाचे गोळे हातोहात:
प्रेमावतीकडून माझ्याकडे,
माझ्याकडून जुझेकडे.
मी कोण, कुठल्या शाखेत, किती दिवस राहणार,
कोणीच विचारलं नाही.
गोळा घे, गोळा दे.
तीन तास मला मी आठवलो नाही.
मग पाठ दुखली, तेव्हा आठवलो.

त्या रात्री लिहिलं:
एक, उडालेला शेवटा जुझेच्या पोटावर आपटला,
शिवी त्याने माशाला दिली की देवाला, कळलं नाही.
दोन, प्रेमावतीने तिच्या डब्यातली
अर्धी भाकरी न विचारता माझ्या हातावर ठेवली.
तिसरी ओळ रिकामी सोडली.

पुनवेची भरती साडेबाराला होती.
आईचा नंबर अजून नावासकट फोनमध्ये आहे.
लावला.
पलीकडची बाई सांगत राहिली
की हा क्रमांक अस्तित्वात नाही,
आधी कोकणीत, मग हिंदीत.
बऱ्याच दिवसांनी रडलो,
नाकातोंडात खारट होईपर्यंत.
पहाटे कधीतरी पाणी उतरलं असावं.
मानस घरापासून लांब,
तिची करकर इथवर येत नाही,
तरी मी ती ऐकली.

सोमवारी डॉक्टरीणबाई विचारतील,
दहापैकी किती बरं वाटतं?
मी म्हणेन, बाई, आधी तिथी सांगा.
आज अष्टमी.
पाण्याला फार घाई नाही.