एकत्र

मालवणच्या कोर्टात माझ्या टेबलाच्या काचेखाली
एक तक्ता आहे. डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी.
तीनशे एकोणऐंशीचं तीनशे तीन झालं,
चारशे वीसचं तीनशे अठरा,
बाजारात मात्र अजून जुन्याच आकड्यानं शिवी देतात.
काचेवर माझ्या बोटाची
एक मळकट पायवाट पडलीय.

सगळं एका जागी आणलं, सोपं केलं, म्हणाले.
असेल.
कपाटातली पुस्तकं काही कमी झाली नाहीत.
जुन्या गुन्ह्यांना जुनी लागतात,
नव्यांना नवी,
आणि इनास फर्नांडिसला दोन्ही.

इनास, वय एक्केचाळीस, राहणार तळाशील,
धंद्याच्या रकान्यात 'मजुरी'.
मजुरी म्हणजे खाडीत बुडी मारायची,
श्वास असेतो तळाची वाळू पाटीत ओढायची.
तीस जूनच्या रात्री होडी पकडली.
पंचनाम्यात वेळ: बारा वाजून दहा मिनिटं.
होडीत अठ्ठावीस पाट्या.
बाराच्या आधीच्या किती, नंतरच्या किती,
यावर दोन वकील पाऊण तास उभे होते.
आधीची चोरी जुन्या कायद्यातली,
नंतरची नव्यातली.
वाळू कोपऱ्यात, सील केलेल्या गोणीत,
सुकून हलकी झालेली.

शिवाय गौण खनिज. शिवाय पर्यावरण. शिवाय महसूल.
बांबूच्या पाटीला कान दोनच असतात,
इथे चौघं चार बाजूंनी उचलत होते.
डंपर कुणाचा, तो रकाना
कोरा.

सहा महिने एका कलमाखाली,
तीन महिने दुसऱ्याखाली,
दंड पाच हजार, न भरल्यास आणखी एक महिना,
कच्च्या कैदेतले एकोणसत्तर दिवस वजा.
मी वॉरंटाच्या मागे पेन्सिलीनं मांडते:
दोन्ही शिक्षा एकत्र, दंड भरला, तर तेवीस डिसेंबर.
नाही भरला, तर तेवीस जानेवारी.
एकीमागून एक भोगायच्या, तर मार्च उजाडेल,
आणि दंडही राहिला तर एप्रिल,
करवंदं पिकायच्या बेताला.
चार तारखा, माणूस एक.

कार्मेलीन स्टॅम्पवाल्याच्या बाकावर बसलीय.
प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा इस्त्रीचा शर्ट,
आज सुटला तर म्हणून आणलेला.
सकाळपासून तिनं मला एवढंच विचारलं,
"बाय, तो नाताळाच्या आदी येतलो, की मागसून?"

आदी, की मागसून.
तिच्या संहितेत दोनच कलमं.
मला कुणी विचारलं असतं, कायदे एकत्र करताना
(शिरस्तेदाराला कोण विचारतंय),
तर मी एक ओळ सक्तीची केली असती,
प्रत्येक निकालाच्या तळाशी, ठळक:
हा माणूस अमुक तारखेला घरी पोचेल.
बाकीचं लिहा कितीही लांब.

निकाल मी पुन्हा वाचते. सही अजून व्हायचीय.
'सदर शिक्षा' नंतर सरळ पूर्णविराम.
'एकत्र भोगाव्यात' नाही. 'एकीमागून एक' नाही.
टाइप करताना राहिलं, की ठरवायचंच राहिलं,
कागदावरून कळत नाही.
एका शब्दाची जागा,
आणि तिच्यात नव्वद दिवस मावतात.

फाइल घेऊन मी चेंबरच्या दाराशी.
दार अर्धंच लागतं, खाऱ्या हवेनं बिजागऱ्या खाल्ल्यात.
"मॅडम, शिक्षा कशा भोगायच्या, ते लिहायचं राहिलंय."
मॅडमनी चष्मा वर सरकवला.
पेनाचं टोपण काढलं.
"जुनं एकतीस ना ते? नवं कितवं?"
इतक्या लांबून तक्ता दिसत नव्हता,
पण बोटाला पाठ होतं.
"पंचवीस," मी म्हटलं, जरा मोठ्यानं.

मागे बाकावर पिशवी चुरचुरली.
कार्मेलीननं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना
बोटं लावली, आणि शर्ट बाहेर काढून
पुन्हा नीट घडी घालू लागली,
तिला वाटलं, तारीख सांगितली.

मॅडमचं पेन अजून हवेत होतं.