शपथेवर

शारजाच्या कोर्टात माझं काम एवढंच:
इकडचा शब्द तिकडे नेऊन ठेवायचा,
वाटेत त्यातलं काही सांडू द्यायचं नाही.
सतरा वर्षं वाहतोय.
खांदे नाही दुखत, जीभ दुखते.

आज निमिष लोवलेकर, वय तेवीस, राहणार खेड,
एसीचे डक्ट काढणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन.
मोबाइलच्या कव्हरात सापडले चार चौकोन
करंगळीच्या नखाएवढे,
प्रत्येकावर छापलेला हसरा सूर्य.
कागदच तर आहे, तो म्हणाला.
वरक़, मी अरबीत म्हणालो,
आणि मिठाईवरचा वर्ख आठवून
उगाच तोंडाला पाणी सुटलं.

प्रयोगशाळेचा अहवाल दोन ओळींचा:
पदार्थाचं नाव, मग जदवल, मग त्यातला क्रमांक.
जदवल म्हणजे अनुसूची.
आमच्याकडे अनुसूचीत माणसं असतात, इथे रसायनं.
कुठल्या रकान्यात नाव पडलं
यावर पुढचं सगळं ठरतं
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

सरकारी वकील म्हणाले, मुखद्दिर.
म्हणजे बधिर करणारं,
दातवाल्याच्या सुईसारखं.
निमिष म्हणाला, बधिर नाही हो काका,
उलट सगळं जास्तच ऐकू येतं.
हेही मी नेऊन ठेवलं.
न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला.

त्याचा खोलीवाला जोबिन, त्याने म्हणे अर्धाच खाल्ला.
ऑगस्टात, भर दुपारी, अल खानच्या वाळूत
अनवाणी दोन तास,
समुद्र आपल्याला नावाने हाका मारतोय म्हणून.
तळव्यांची सालं हॉस्पिटलात काढली.
पुढचा आठवडाभर
त्याला स्वतःच्या उजव्या हाताची भीती वाटायची,
तो हात उशीखाली घालून झोपायचा.

व्यसन लागत नाही याचं, निमिष म्हणतो.
रक्तात सापडत नाही.
परदेशात डॉक्टर देऊन बघतायत.
शिवाय मुळात बुरशीतून आलेलं, नैसर्गिक.
खोटं उचलायला हलकं असतं, खरंही एकवेळ.
अर्धं खरं सगळ्यात जड.

धोतराही नैसर्गिकच की रे.
आमच्या फुरूसला दाऊदचाचाने
दम्यावर म्हणून बिया चघळल्या,
तीन दिवस अंगणात नसलेल्या बकऱ्या मोजत बसला.
चौथ्या दिवशी एक कमी भरली, तर रडला.
पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.
दुभाष्याला स्वतःचं वाक्य नसतं.

काल रात्री त्याच्या आईचा फोन. नंबर कुणी दिला, कोण जाणे.
भाऊ, म्हणतात ते पाठीच्या कण्यात जाऊन बसतं,
दहा वर्षांनी परत उतरतं, खरं का?
नाही वहिनी, कण्यात नाही बसत.
मग कुठे बसतं?
मी म्हटलं, रेंज जातेय.

माझ्या आईने एकदा ईदला
शिरखुर्म्याच्या मसाल्यात खसखस बांधून दिली होती.
इथे तीही त्याच पंक्तीत, पोरांना माहीत नसतं.
मला माहीत होतं.
मुंबईच्या विमानतळावर, संडासात, पुडी उलटी केली.
दोनदा पाणी सोडलं.
विमानात बसल्यावर बघतो तर
नखात दोन दाणे.
तीन तास मी ते नख चावत होतो.

न्यायाधीश म्हणाले, विचारा त्याला,
आपण काय केलं ते त्याला कळतं का?
विचारलं.
निमिषने माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही.
काका, घरी नका ना सांगू.

शपथ आहे. जे ऐकलं ते सगळं, जसंच्या तसं.
काका म्हणजे अरबीत अम्मी.
मी म्हणालो, या अम्मी.
न्यायाधीशांनी काका ऐकलं,
कारकुनाने काका लिहिलं.
निमिषने मात्र मान वर केली आणि
गर्रकन दाराकडे वळून बघितलं,
कुणी आलंय की काय.