ठिगळ

तीन दिवस मी बडोदं आडवंच पाहिलं.
खिडकीत आसोपालवाचा शेंडा,
पंख्याच्या पात्यावरची काळी कड,
आणि शेजारच्या पाळण्यात
मुलीचा एक कान.
कान तेवढा पाठ झाला.

उठून बसलं की
मानेतून कपाळात कुणी पाटा सरकवायचं.
आडवी झाले की निमूट काढून घ्यायचं.
सासूबाई म्हणाल्या, वारं बाधलं, कानांत कापूस घाल.
कॉफी झाली, दुसरी झाली, सलाइन झालं.
विश्वामित्रीच्या काठावरल्या मगरीसारखी
मी सपाट,
अर्ध्या डोळ्यांनी येणारे-जाणारे बघत.

डॉ. मजमुदार स्टूल ओढून बसल्या.
सिझेरियनच्या वेळी पाठीत सुई घातली ना,
तिनं आतल्या पडद्याला भोक पडलंय.
मेंदू ज्यावर तरंगतो
ते पाणी तिथून झिरपतंय.
दादांनी डबा खाली ठेवला.
"म्हणजे पंक्चर."
"आम्हीही तेच म्हणतो, काका."

चाळीस वर्षं रावपुऱ्यात सायकलचं दुकान.
घमेल्यात ट्यूब दाबून
बुडबुडा कुठून येतो ते बघत बसलेला माणूस.
"आणि पॅच कशाचा?"
"हिच्याच रक्ताचा."
दादा जरा वेळ गप्प.
"बरोबर आहे. मीसुद्धा जुनी ट्यूबच कापून लावायचो.
ट्यूबला ट्यूबच धरते."

दुपारी मी कुशीवर, गुडघे पोटाशी,
टाके ओढतात म्हणून चादर दातांत.
डाव्या हातातून वीस मिली काढलं,
गरम आहे तोवर पाठीत सोडलं.
"हलशो नहीं, बेन,"
दक्षाबेनचा हात खांद्यावर, लाटण्यासारखा घट्ट.
कंबरेत काही फुगत गेलं,
मांडीपर्यंत उतरलं.
"तट्ट झालं," मी म्हटलं.
"बस," म्हणाल्या, आणि सुई निघाली.

दादा तेव्हा पार्किंगमध्ये होते.
हजारो पंक्चरं काढली,
हे एक बघवेना.
कुणा परक्याच्या सायकलचं चाक
अंगठ्यानं दाबून पाहत होते, म्हणे.

दीड तास उताणी.
मग पलंगाचं डोकं एकेक दात्यानं वर.
मी वाट पाहिली.
येईल आता.
आता येईल.

भिंत भिंतीसारखी उभी राहिली.
दारात ट्रे घेऊन कुणी पायांवर चाललं.
मांडीवर मुलगी दिली
आणि मी तिला पहिल्यांदा वरून पाहिलं.
कानाखेरीज पुष्कळच होतं.
विरळ केसांच्या मधोमध टाळू
उडत होती,
पाण्यात दाबलेल्या ट्यूबसारखी
आतून काही सांगत.

दादांनी बोट नेलं तिच्याजवळ,
तसंच धरून ठेवलं,
मग शर्टाला पुसून मागे घेतलं.
दुकान बंद करून सहा वर्षं झाली.
नखांत अजून सोल्युशनचा वास.
"हे राहू दे," म्हणाले.
"हे आपलं आपण बुजतं."