पदरमोड

कंपनीला फाक्तुरा, माणसाला बोलेता.
पुएर्तो मोन्तच्या या काउंटरवर
पहिल्या दिवशी मला एवढंच शिकवलं.
खोली कंपनीची. न्याहारी कंपनीची.
इस्त्री, कामाचा शर्ट असेल तर कंपनीची,
आणि कामाचा शर्ट कोणता ते मी ओळखायचं.
दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.
फ्रीजमधल्या बाटलीतलं पाणी मात्र माणसाचं.

अठरा वर्षांत पुष्कळ माणसं चिरली मी अशी,
मधोमध.
बियरला जेवण म्हणा म्हणणारे,
दोन उशांवर दोन डोकी झोपवून
एकाच न्याहारीवर सही करणारे.
एक जण बायकोशी चाळीस मिनिटं फोनवर भांडला,
म्हणाला, अर्धं बिल कंपनीला लावा,
भांडण तिच्यावरूनच होतं.

ओयार्सून तसा नव्हता.
तालकाहून यायचा, सामन माशांच्या टाक्यांचे
पंप दुरुस्त करायला,
दर दीड महिन्याला, तीन रात्री.
हाताला ग्रीसचा आणि माशांच्या खाद्याचा वास.
निघताना म्हणायचा, "दोन करा."
पहिल्या कागदावर सगळं.
दुसऱ्यावर एकच ओळ :
मुर्ताच्या फळांचा कूखन, अख्खा, बांधून.
(आमची ओर्तेन्सिया भाजते तो.
तिची आई तळ्याकाठच्या जर्मन घरात
भांडी घासता घासता शिकली होती.)
कार्ड नाही, नोटा मोजून द्यायचा
आणि बोलेता तिथेच चुरगळून
माझ्या टोपलीत टाकायचा.
मला वाटायचं, खात असेल वाटेत.
बस रात्रभराची.

या मार्चमध्ये आला तो बायकोला घेऊन.
अवजारांची पेटी नाही, घाई नाही. निवृत्त.
समुद्राकडची खोली मागितली,
कंपनीने कधी दिली नव्हती ती.

निघायच्या सकाळी जिभेला सवय :
"दोन करा."
नोएमी हसली. "दोन कशाला?
आणि मी कुणाच्या बिलात?"
तो कानापर्यंत लाल.
तेवढ्यात तिला काचेखाली कूखन दिसला.
"अगं बाई, हाच तो!" मला म्हणाली,
"कंपनी चांगली होती हो यांची.
पगार रडतखडत द्यायची,
पण दर खेपेला घरी केक पाठवायची.
नाहीतर हा माणूस
स्वतःच्या पैशाने बुटाची नाडी घेणार नाही."

ओयार्सूनने माझ्याकडे पाहिलं,
निकालाच्या दिवशी पोरगं पाहतं तसं.

अठरा वर्षांत चुकीच्या रकान्यात
मी काही लिहिलेलं नाही.
ऑडिटवाल्यांना विचारा.

मी दोन केली.
बोलेतावर खोली, न्याहाऱ्या, माणसं दोन.
मग एक कच्चा फाक्तुरा, शिक्का नसलेला,
त्याच्या जुन्या कंपनीच्या नावाने
(करक्रमांक मला तोंडपाठ होता) :
कूखन, अख्खा, बांधून.
येणे बाकी : शून्य.
नोएमीने तो चष्मा लावून वाचला,
घडी घालून पर्समध्ये ठेवला.
"बघ," त्याला म्हणाली, "अजून विसरले नाहीत तुला."
तो बॅगेची चेन लावत बसला,
लागलेलीच चेन.

ते बसस्टँडकडे वळल्यावर
मी माझ्या पाकिटातून नोटा काढल्या,
गल्ल्यात टाकल्या.
यंत्रातून माझी बोलेता निघाली, चार बोटं लांब.
हिचं काय करायचं, सुचेना.
टोपली जवळच होती.