आरशातली बाजू

चौकट बापाने केली होती, स्क्रँटनच्या कोळशाच्या खाणीतून
खांद्यावर आणलेल्या टेकूच्या लाकडाची. काच नव्हतीच तिच्यात.
अलीकडे मी, पलीकडे ओल्वेन.
मी डावा हात उचलायचा, तिने उजवा.
मी टोपी काढली की तिनेही.
मग लोक म्हणायचे, अगंबाई, आरसाच की!

दिवसाला पाच खेळ. कुत्र्यांच्या नंतर,
तोंडातून अंडी काढणाऱ्या माणसाच्या आधी.
पत्रकावर ‘प्रिचर्ड भगिनी’, सगळ्यांत बारीक अक्षरांत,
एरी गावात तर ‘प्रिचेट’.
फळ्यांना कुत्र्यांचा वास यायचा.
ओल्वेन म्हणायची, आरशाला नाक नसतं, चल.

त्या माणसाचं एक अंडं रोज आमच्या खिशात.
रात्री खोलीत, घरमालकिणीला चोरून,
गॅसबत्तीवर डब्यात उकडायचं.
बलक ओल्वेनचा. का, तर म्हणे
पलीकडच्या बाजूला थंडी जास्त असते.

तिची एक खोड होती: अर्धा ठोका उशीर.
माझा हात वर गेला की तिचा यायचा जरासा मागून,
विचारून आल्यासारखा.
ड्रमवाला झांज मारून सावरून घ्यायचा.
विंगेत मी तिला झापायची,
प्रतिबिंबाला कसला गं विचार?
ती गालावरचा रंग पुसत राहायची.
‘मग तू ये ना एनिड इकडे.’

टोलेडोला गाडी थांबली तेव्हा ती उतरली.
पेटी घेतली नाही. बूटही ठेवून गेली.
पुढे कळलं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली.

चौथ्या दिवशी मॅनेजरने बफेलोची एक मुलगी आणली,
बर्निस. ओल्वेनच्या बुटांत तिने कापूस कोंबला.
तिचा हात माझ्याबरोबरच वर जायचा,
कधीकधी माझ्या आधी.
टाळ्या तेवढ्याच. पत्रकावर ‘भगिनी’ तसंच.
बलक ती खात नव्हती, पोटाला बाधतो म्हणाली.
मला दोन्ही मिळू लागलं.

तीन वर्षांनी पुन्हा टोलेडो. पोस्टर फाटकं, पाऊस,
निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पुढच्या गल्लीत सिनेमा लागलेला.
हॉटेलच्या जिन्याखाली भिंतीवर फोन होता.
मी उगीच उचलला.
एक खरखर. मग जरा थांबून,
अर्ध्या ठोक्याने उशिरा,
‘नंबर सांगा.’

माझ्याकडे नंबर नव्हता.
मी डावा हात उचलला, तिथेच, जिन्याखाली.
लाइन तिनेही तोडली नाही.