सव्वीस पोती मीठ

पहाटे चारला दाबोळीवर मालवाहू उतरतं.
अंथरुणातच मला कळतं, भरलेलं की रिकामं.
रिकामं धावपट्टीवर तरंगत रेंगाळतं,
भरलेलं टेकतं ते टेकतंच.
सुलक्षा कूस बदलून म्हणते, झोपा,
त्यांचं सामान ते उतरवून घेतील.

एकतीस वर्षं सामान वाहिलं.
लढाऊ विमानांची चित्रं पोरं भिंतीवर लावतात.
आमच्या पोटात रॉकेलची पिंपं, कोबी,
एकदा लेहच्या वाटेवर साठ बकऱ्या,
ज्या बर्फाचे डोंगर लागताच
ठरवल्यासारख्या एकदम गप्प झाल्या.
एकदा वऱ्हाडासारखी नटलेली बँडची तुकडी.
एकदा एक मुलगा, पेटीत.
भारपत्रकात मी लिहिलं: एकशे बारा किलो, पेटीसकट.
कुठे ठेवू, असं लोडमास्टरने विचारलं नाही.
मधोमध ठेवली.
तोल तिथेच असतो.

माणसं विचारतात, काय काय पाहिलंत?
जोरहाट, चबुआ, थॉइस, कार निकोबार.
सगळीकडे तोच पत्र्याचा हँगर,
तोच काचेच्या पेल्यातला चहा, अर्धा टाकून दिलेला.
पंखे फिरते ठेवूनच उतरवायचं, चढवायचं, निघायचं.
जग मी वरून पाहिलं, आणि घाईत.

आता चिखलीत घर.
ओहोटीला खाली खाडीत बायका
कंबरभर पाण्यात शिनाणे काढतात.
शेजारचा कैतान मला काप्तांव म्हणतो.
त्याला वाटतं, मी बोटीवर होतो.
मी दुरुस्त करत नाही.

समोरच्या इमारतीत नवा रखवालदार आलाय, ओजिंग.
सियांगकडचा.
मी नदीचं नाव घेतलं तसा खुर्चीतून उठला.
म्हटलं, तुमच्या दरीत आम्ही पोती टाकायचो,
शहाऐंशी-सत्त्याऐंशीला. तांदूळ, डाळ, मीठ.
मागचं दार उघडं, घंटा वाजली की ढकलायचं,
छत्री नाही, नुसतं तिहेरी गोणपाट,
आणि समोरचा डोंगर यायच्या आत वळायला नऊ सेकंद.

तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला,
एक पोतं आमच्या मिथुनावर पडलं.
मिथुन म्हणजे गव्यासारखा, साहेब, पण घरचा.
कपाळ पांढरं.
बहिणीच्या लग्नासाठी राखला होता.

मी डोक्यातली नोंदवही उघडली.
महिना? त्याला आठवेना. सकाळ होती.
दरीत सगळे सकाळीच जायचो,
दुपारी ढग दार लावून घेत.
चौघे होतो त्या फेरीवर.
एक त्याच डोंगरात राहिला, त्याला विचारता येत नाही.
माझ्या सहीखाली एवढंच:
मीठ, सव्वीस पोती. टाकली, सव्वीस.
खालचा हिशेब आमच्याकडे कधी येत नसे.

किती होतात त्याचे, मी विचारलं.
चाळीस वर्षांनी,
लुंगीत, हातात पोयांची पिशवी घेऊन.
तो हसला.
साहेब, गाव चार दिवस जेवला.
मीठसुद्धा शोधावं लागलं नाही.
आणि बहिणीचं लग्न?
झालं ना. पुढच्या वर्षी.
थोडं थांबून म्हणाला, दुसऱ्याशी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
टाकल्या मिठाचं काय करायचं,
ते कुणी शिकवलं नाही.

हल्ली चारला मी गॅलरीत येतो.
खाडीवरून घरघर सुरू होते
आणि खाली ओजिंग, वर न बघता,
खुर्ची उचलून छपराखाली सरकतो,
आवाज जाईपर्यंत तिथेच थांबतो.
रिकामं आहे रे, मी वरून सांगतो.
तो मान डोलावतो.
खुर्ची मात्र लगेच बाहेर काढत नाही.